सेवा, मानधन आणि वेतन : विनानफा संस्थांतील स्त्रियांच्या नोकरीचा इतिहास

सावित्रीबाई फुले यांनी ऑक्टोबर १८५६ मध्ये नायगावहून जोतिरावांना लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. आजारपणामुळे त्या माहेरी होत्या आणि पुण्यातील कामाचा भार त्यांच्या सहकारी फातिमा यांच्यावर पडला होता. त्याची काळजी त्या पत्रात उमटली आहे. फातिमा याबद्दल तक्रार करणार नाहीत, असा विश्वासही त्याच ठिकाणी व्यक्त झाला आहे. हे पत्र सामान्यतः दोन स्त्रियांच्या स्नेहाचा पुरावा म्हणून वाचले जाते व ते योग्यच आहे. मात्र कामाच्या परिस्थितीच्या दृष्टीनेही त्याचे मोल आहे. एक शिक्षिका आजारी पडली की तिचे काम दुसरीच्या माथी येते, बदली माणूस नसतो आणि दुसरी ते निमूटपणे उचलते, हे चित्र पुढील दीडशे वर्षांत असंख्य शाळांत, आश्रमांत, अनाथालयांत आणि महिला मंडळांत पुन्हा पुन्हा दिसते.

विनानफा संस्थांनी भारतीय स्त्रीला घराबाहेरच्या प्रतिष्ठित कामाची पहिली संधी दिली, हे निर्विवाद आहे. परंतु त्या कामाला ‘सेवा’ म्हणायचे की ‘नोकरी’, त्याच्या मोबदल्याला ‘मानधन’ म्हणायचे की ‘वेतन’, हा प्रश्न केवळ शब्दांचा राहिला नाही. रजा, निवृत्तीनंतरची रक्कम, अन्यायाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क या साऱ्या गोष्टी त्या शब्दांवर अवलंबून राहिल्या. या शब्दांचा व त्यांच्यामागील व्यवहाराचा इतिहास येथे थोडक्यात पाहावयाचा आहे.

त्यागाच्या दोन तऱ्हा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात संस्थात्मक त्यागाचा एक नमुना तयार झाला. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली स्थापन झाली. तिचे आजीव सभासद वीस वर्षे अल्प वेतनावर शिकविण्याची प्रतिज्ञा करीत. फर्ग्युसन महाविद्यालयातील अशा प्राध्यापकांचे दरमहा ७५ रुपये वेतन हा त्या काळी आदर्शाचा विषय होता. गोपाळ कृष्ण गोखले आणि धोंडो केशव कर्वे हे दोघेही याच व्यवस्थेतून पुढे आले. गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापिलेल्या भारत सेवक समाजानेही हाच नमुना स्वीकारला.

या व्यवस्थेचे एक अंग सहसा दुर्लक्षिले जाते. आजीव सभासद कमी वेतन घेत, पण संस्थेचा कारभारही तेच पाहत. वेतन किती असावे, कोणाला नेमावे, निवृत्तीनंतर काय मिळावे, हे त्यांच्याच बैठकीत ठरे. म्हणजे तो स्वेच्छेने केलेला आणि अधिकारासह केलेला त्याग होता.

स्त्रियांच्या संस्थांत परिस्थिती संमिश्र होती. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन मार्च १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले. त्याच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक असलेल्या गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून प्रसिद्ध झाल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला व तो पुढे पुण्याजवळील हिंगण्यास नेला. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले या आश्रमाच्या आधारस्तंभ होत्या. स्वयंपाकघरापासून देखरेखीपर्यंतची कामे त्यांनी केली आणि वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या. चाळिशी उलटल्यावर इंग्रजी शिकण्याच्या जिद्दीने त्या १९१८ मध्ये अमेरिकेस गेल्या व तेथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी आपला खर्च भागविला. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ साली प्रसिद्ध झाले. संस्थेत काम करणाऱ्या स्त्रीने आपल्या कामाचा हिशेब स्वतः लिहून ठेवण्याचे ते आरंभीचे व महत्त्वाचे उदाहरण होय.

कर्व्यांनी १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ स्थापन केला. त्यात स्त्रियांनाही आजन्म कार्यकर्त्या म्हणून स्थान मिळाले. त्या काळाचा विचार करता ही मोठीच गोष्ट होती. परंतु ‘निष्काम’ हा शब्द जेव्हा व्रत घेतलेल्या मोजक्या व्यक्तींपुरता न राहता पगारी शिक्षिका, स्वयंपाकीण, परिचारिका, वसतिगृहाची मेट्रन या सर्वांच्या कामावर पसरला, तेव्हा त्याचा अर्थ बदलला. व्रत घेणारीला संस्थेत आवाज होता, तर पगारावर आलेल्या स्त्रीकडून व्रताचीच अपेक्षा होती आणि आवाज मात्र नव्हता.

रमाबाई रानडे व गोपाळराव देवधर यांनी १९०९ मध्ये उभारलेल्या पुण्याच्या सेवासदनाने या अडचणीवर एक व्यवहारी मार्ग शोधला. तेथे शिक्षिका घडविल्या जात, तसेच परिचारिकेच्या शिक्षणासाठी स्त्रियांना ससून रुग्णालयात पाठविले जाई. संस्थेतून बाहेर पडताना स्त्रीच्या हाती पात्रता असावी, म्हणजे तिला अन्यत्रही नोकरी मिळू शकेल, हा विचार त्यामागे होता. सेवेला कौशल्याची व प्रमाणपत्राची जोड मिळाली की सेवा करणारी स्त्री संस्थेच्या मर्जीवर पूर्णपणे अवलंबून राहत नाही.

शिक्षिका आणायच्या कोठून?

मुस्लिम मुलींच्या शाळांपुढे याच काळात वेगळी अडचण होती. शेख अब्दुल्ला आणि वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ मध्ये अलीगढ येथे मुलींची शाळा सुरू केली. बेगम रुकैया सखावत हुसैन यांनी भागलपूर येथे १९०९ मध्ये पाच मुलींवर शाळा काढली आणि मार्च १९११ मध्ये कलकत्त्यात आठ मुलींवर ती पुन्हा उभी केली. पडद्याच्या चालीमुळे शिक्षिका स्त्रीच हवी आणि शिकलेल्या स्त्रिया तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, असा पेच होता. रुकैया यांना शिक्षिकांना शिकविण्याचे कामही स्वतःच करावे लागले. दूरच्या शहरांतून शिक्षिका आणल्या तर त्यांच्या निवासाची सोय हवी, मुलींची ने-आण करण्यास बंद गाडी हवी, आणि हा सर्व खर्च वर्गणीतून भागवायचा होता. त्यांच्या पाठपुराव्यानंतर १९१९ मध्ये सरकारने कलकत्त्यात मुस्लिम स्त्रियांसाठी शिक्षिका प्रशिक्षण विद्यालय काढले.

या उदाहरणातून एक गोष्ट ध्यानात येते. निवास, वाहन आणि प्रशिक्षण या बाबींना संस्था पुष्कळदा ‘सवलती’ म्हणतात. वस्तुतः त्या स्त्रीच्या नोकरीच्या मूलभूत अटी आहेत. त्या नसतील तर नेमणुकीचे पत्र हाती असूनही नोकरी टिकत नाही.

इंदूरचे कस्तुरबाग्राम

कस्तुरबा गांधी यांचे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धतेत निधन झाले. त्यांच्या स्मारकासाठी ७५ लाख रुपयांचा निधी जमविण्याचे ठरले आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक रक्कम जमा झाली. खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी हा निधी वापरावा आणि काम शक्यतो स्त्रियांच्याच हाती असावे, असा गांधीजींचा आग्रह होता. कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्टचे मुख्य केंद्र पुढे इंदूरजवळील कस्तुरबाग्राम येथे आले. महाराष्ट्रात या कामाशी सासवडच्या प्रेमाबाई कंटक यांचे नाव निगडित आहे.

ट्रस्टची ग्रामसेविका एकटी किंवा एखाद्या सहकारिणीसह खेड्यात राहून बालवाडी, आरोग्य, प्रसूती आणि सूतकताई अशी कामे करी. तिच्या कामाला ठरावीक तास नव्हते. बाळंतिणीचा निरोप मध्यरात्रीही येई. प्रशिक्षण, क्षेत्र आणि वरिष्ठ पदे सर्व स्त्रियांच्या हाती असल्यामुळे येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर एक ‘शिडी’ दिसू लागली. शिकाऊ सेविका, ग्रामसेविका, केंद्रसंचालिका, प्रांताची प्रतिनिधी असा तो क्रम होता. इतर बहुतेक संस्थांत खालच्या पायऱ्यांवर स्त्रिया आणि वरच्या पायरीवर पुरुष पदाधिकारी, अशीच रचना राहिली होती.

स्वातंत्र्यानंतर ऑगस्ट १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. दुर्गाबाईंनी १९३७ मध्ये मद्रासला सुरू केलेल्या आंध्र महिला सभेचे काम पुढे हैदराबादेतही वाढले. मंडळाने स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची पद्धत देशभर रूढ केली. शिक्षण अर्धवट राहिलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी १९५८ पासून संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू झाले. त्यांतून उत्तीर्ण झालेल्या अनेक विधवा व परित्यक्ता शिक्षिका, बालसेविका आणि परिचारिका झाल्या. मात्र अनुदानाची दुसरी बाजूही होती. अनुदान वर्षावर्षाने मंजूर होई, म्हणून नेमणूकही वर्षावर्षाची. योजना संपली की पद संपे. संस्था आणि सेविका दोघीही मंजुरीच्या कागदाकडे डोळे लावून बसत.

‘मानधन’ या शब्दाचा प्रवास

पदाधिकारी किंवा तज्ज्ञ पाहुणा यांना कृतज्ञतेपोटी दिली जाणारी रक्कम म्हणजे मानधन, असा या शब्दाचा मूळ अर्थ. ज्याचा चरितार्थ त्यावर चालत नाही, अशाला ते द्यावयाचे. हाच शब्द पूर्णवेळ काम करणाऱ्या गरीब स्त्रियांच्या वेतनासाठी वापरात आला आणि येथेच गफलत झाली.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. ही सरकारी योजना असली तरी तिने अंगणवाडी सेविकेला नोकर न मानता ‘मानसेवी’ कार्यकर्ती मानले. आरंभी मॅट्रिक न झालेल्या सेविकेस दरमहा १०० रुपये व मॅट्रिक झालेलीस १५० रुपये मिळत. कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये अंगणवाडी सेविका हे नागरी पद नाही, असा निर्णय दिला. पुढे २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधील मणिबेन यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे आणि त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच आहे, असे ठरविले. शब्द बदलला नाही, पण कायद्याने त्याचा अर्थ बदलला. त्यास योजनेच्या आरंभापासून सेहेचाळीस वर्षे लागली.

शाळाही या शब्दापासून दूर राहिल्या नाहीत. महाराष्ट्रात २००० साली ‘शिक्षण सेवक’ योजना आली. पूर्ण पात्रता असलेल्या शिक्षकास पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करावे लागू लागले. ही रक्कम २०२३ मध्ये प्राथमिक स्तरावर १६,००० रुपये करण्यात आली. महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील अध्यापिकांचा अनुभव याहून फारसा निराळा नाही.

याच्या उलट दिशेने एक प्रयत्न अहमदाबादेत झाला. इला भट्ट यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये ‘सेवा’ ही स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांची संघटना कामगार संघ म्हणून नोंदली गेली. या स्त्रियांना मालकच नाही, मग संघ कोणाविरुद्ध, असा आक्षेप नोंदणीच्या वेळी घेण्यात आला होता. संघटना प्रतिकारासाठीच असते असे नाही, ती एकजुटीसाठीही असते, ही भूमिका अखेर मान्य झाली. तेथे ‘सेवा’ हे नाव श्रमाच्या हक्काचे नाव झाले.

न्यायालयात सेवा आणि नोकरी

सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या एका प्रकरणात शिक्षणसंस्था हा ‘उद्योग’ नाही, असे म्हटले होते. वाद होता तो विद्यार्थिनींची ने-आण करणाऱ्या बसच्या चालकाचा. पंधरा वर्षांनी, २१ फेब्रुवारी १९७८ रोजी, बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने ही भूमिका बदलली. नफ्याचा हेतू नसणे हा निकष नव्हे. मालक व कर्मचारी यांच्या सहकार्याने पद्धतशीरपणे सेवा पुरविली जात असेल तर संस्था उद्योग ठरते, असे बहुमताने ठरले.

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या निकालात धर्मादाय संस्थांचे तीन प्रकार केले. पहिला प्रकार नफा कमावून तो दानात देणाऱ्यांचा. दुसरा प्रकार नफा न घेता गरिबांना सेवा देणाऱ्या, पण त्यासाठी इतरांप्रमाणेच पगारी माणसे नेमणाऱ्यांचा. तिसरा प्रकार ध्येयाने प्रेरित होऊन, मोबदल्यासाठी नव्हे तर त्या कार्यात स्वतःच सहभागी म्हणून माणसे काम करतात अशांचा. पहिले दोन उद्योगात मोडतात, तिसरा मोडत नाही. पुण्यातील आजीव सभासद आणि पगारी शिक्षिका यांच्यातील जो फरक शंभर वर्षे धूसर राहिला होता, तो येथे स्पष्ट शब्दांत मांडला गेला. दानधर्म संस्थेने करावा. तो कर्मचाऱ्याच्या पगारातून होऊ नये, असाच त्याचा इत्यर्थ आहे.

तथापि शिक्षिकांच्या पदरी याचे फळ पडले नाही. गोव्यात करंझाळे येथील एका शाळेने १९७५ मध्ये आपल्या एका शिक्षिकेची सेवा समाप्त केली. तेव्हा गोवा शालेय शिक्षण कायदा अस्तित्वात नव्हता. तो १९८४ मध्ये झाला. शिक्षिकेने औद्योगिक विवाद अधिनियमाखाली समेट अधिकाऱ्याकडे दाद मागितली. समेट झाला नाही आणि शिक्षिका ‘कामगार’ नाही या कारणाने सरकारने प्रकरण पुढे पाठविण्यास नकार दिला. सुंदरम्बल विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै १९८८ मध्ये निर्णय लागला. शिक्षणसंस्था उद्योग आहे, परंतु शिक्षक कामगार नाही. शिकविणे हे अंगमेहनतीचे वा कारकुनी काम नसून ते उदात्त कार्य आहे, हे त्यामागील कारण होते.

या निर्णयातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच शाळेतील शिपाई किंवा कारकून या कायद्याचा आधार घेऊ शकत होता, पण शिक्षिका नाही. जो गौरव समारंभात होतो, त्याच गौरवाच्या आधारे हक्क नाकारला गेला. सेवेचे उदात्तीकरण स्त्रीला किती महाग पडू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

ग्रॅच्युइटीच्या बाबतीतही हीच कथा घडली. १९७२ चा कायदा ३ एप्रिल १९९७ च्या अधिसूचनेने दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या शिक्षणसंस्थांना लागू झाला. परंतु जानेवारी २००४ मध्ये अहमदाबादच्या खाजगी प्राथमिक शिक्षकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कायद्यातील व्याख्येत शिक्षक बसत नाही, असे म्हटले. संसदेने २००९ मध्ये व्याख्या दुरुस्त केली आणि ती १९९७ पासून लागू केली. खाजगी शाळांनी तिला आव्हान दिले. २९ ऑगस्ट २०२२ रोजी न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरविली. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांचे वेतन, एवढीच ती रक्कम. तिच्यासाठी पंचवीस वर्षे जावी लागली.

साथिनीचा वारसा

राजस्थानात १९८४ मध्ये सुरू झालेल्या महिला विकास कार्यक्रमात गावोगावच्या ‘साथिनी’ अल्प मानधनावर काम करीत. त्यांपैकी भंवरी देवी यांनी १९९२ मध्ये एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. ज्या कामामुळे हे संकट ओढवले ते काम त्यांना नेमून दिलेले होते. तरी त्यांच्या संरक्षणाची जबाबदारी कोणीच घेतली नव्हती. या घटनेनंतर स्त्रीसंघटनांनी केलेल्या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला.

या कायद्यात न्यास, सोसायटी आणि अशासकीय संस्था यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कर्मचारी या शब्दात मोबदला घेणारी, न घेणारी, तात्पुरती, शिकाऊ आणि स्वेच्छेने काम करणारी अशा साऱ्या जणी येतात. सेविका की नोकर, हा प्रश्नच येथे उरत नाही. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे. लहान संस्थेतील स्त्री जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते.

याच्या नेमकी उलट दिशा औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये दिसते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या या संहितेने पूर्णतः वा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी कार्य करणाऱ्यांच्या संस्था ‘उद्योग’ या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणजे १९७८ चा दरवाजा या संस्थांतील कर्मचाऱ्यांपुरता बराचसा बंद झाला आहे. ग्रॅच्युइटी आणि छळाविरुद्धचे संरक्षण ही वेगळ्या कायद्यांतून मिळणारी छत्रे कायम आहेत, परंतु सेवा समाप्तीविरुद्ध दाद मागण्याची वाट अरुंद झाली आहे. अशा वेळी संस्थेच्या स्वतःच्या सेवाशर्तींचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढते.

उपसंहार

या इतिहासातून संस्थांना दोषी ठरविणे हा निष्कर्ष निघत नाही. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला सरकारी वेतनश्रेणी परवडत नाही, हे खरे आहे. अनेक घरांतून मुलीला बाहेर कामास पाठविण्याची परवानगी मिळाली ती ओळखीच्या, विश्वासाच्या संस्थेमुळेच, हेही खरे आहे. प्रश्न वेतन कमी असण्याचा नसून ते कोणी ठरविले याचा आहे. फर्ग्युसनच्या आजीव सभासदाने आपले वेतन स्वतः ठरविले होते. ज्या स्त्रीकडून त्याच त्यागाची अपेक्षा केली जाते, तिला कार्यकारिणीत जागा, लेखी नेमणूकपत्र, ज्ञात वेतनश्रेणी आणि रजेचे नियम मिळाले, तरच तिचे काम सेवा म्हणवून घेण्यास पात्र ठरते. अन्यथा तो त्याग तिचा नसतो. तो तिच्याकडून वसूल केलेला असतो.

संशोधनाच्या दृष्टीने महाविद्यालयीन शिक्षकांपुढे येथे मोठे क्षेत्र मोकळे आहे. संस्थांच्या स्मरणिकांत स्थापकांची छायाचित्रे व देणगीदारांच्या याद्या असतात. शिक्षिका, मेट्रन आणि सेविका यांची नावे मात्र वेतनपट, हजेरीपट, सभावृत्तांत आणि भविष्य निर्वाह निधीच्या खातेवहीत सापडतात. कोण किती वर्षे होती, केव्हा कायम झाली, बाळंतपणानंतर परत आली की नाही, निवृत्त होताना तिच्या हाती काय पडले, हे त्या कागदांवरून कळते. हे कागद बहुधा जुन्या कपाटांत असतात आणि जागेच्या अडचणीमुळे ते रद्दीत जाण्यास वेळ लागत नाही. निवृत्त शिक्षिकांच्या मुलाखती तर त्यांच्या हयातीतच घ्याव्या लागतील.

फातिमा तक्रार करणार नाहीत, हे सावित्रीबाईंना माहीत होते. तरीही त्यांनी त्यांच्या कष्टांची नोंद केली. ज्या कागदावर ती नोंद झाली तो टिकला, म्हणून आज ते कष्ट माहीत आहेत. तक्रार न करणाऱ्यांच्या श्रमाची नोंद ठेवणे, ही संस्थेची आणि इतिहासाच्या अभ्यासकाची समान जबाबदारी होय.